जाड पोस्टर

तीनशे जुनी सिनेमांची पोस्टरं, पण एकही भिजवायचं नाही, अशी बाबांची सक्त ताकीद होती. भिंतींवर पोस्टरं चिकटवण्यातच त्यांची हयात गेली. हा ढीगही त्यांनीच भिंतींवरून सोलून आणलेला. प्रदर्शनासाठी निवडानिवड करताना लेकीच्या हाताला एक पोस्टर भलतंच जाड लागलं. खाली याहून जुना सिनेमा दडला असेल, या हावेपोटी तिनं ते पाण्यात सोडलंच. खळ सुटली आणि खालून एका चिमुरडीचा फोटो वर आला. 'हरवली आहे. वय दोन वर्षं. डाव्या भुवईवर व्रण.' लेकीचा हात आपसूक स्वतःच्या डाव्या भुवईवर गेला. "पाच वर्षांची असताना माझ्या शिडीवरून पडलीस," बाबा सांगायचे. तिनं तसंच जाड दुसरं भिजवलं, तिसरं भिजवलं. सगळ्यांखाली तोच फोटो. मागे दाराला आतून कडी लागली. "बाळा," बाबा हळूच म्हणाले, "भिजवू नकोस म्हणालो होतो ना?"