वीस बैठका

विजयाबाईंनी अनसूयेचे दोन्ही हात उजेडाकडे वळवून पाहिले. आधी तळवे, मग नखं.

"नखं काढलीस, बरं केलंस. मंगळवारी आली होती तिची मांजरीसारखी होती. दारातूनच परत पाठवली."

"आणि तिच्या आधीचीनं बाळाचं नाक फार ओढलं," त्यांची सून शालिनी पाळण्याला झोका देत म्हणाली. "पहिली तर नुसती बोलायची."

"बोलायची कुठे, गायची. तेही बेसूर."

अनसूया तशीच हात पुढे करून उभी होती. ती चौथी. पाटणकर बाजारामागच्या या घरात बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं काम मिळालं, तर गल्लीतली बाकीची घरं आपोआप मिळणार होती. नाही मिळालं, तर तेही संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार होतं. तिचं हे पहिलंच घर.

"शिकलीस कुणाकडे?"

"वडिलांकडे, बाईसाहेब. म्हणजे वडिलांवरच. हजीरा भागातल्या आखाड्यात ते वस्ताद आहेत. आई गेल्यापासून त्यांची मालिश मीच करते. बारा वर्षं झाली."

"पहिलवानाला रगडणारे हात माझ्या नातीला लावायचे?"

"हात तेच, बाईसाहेब. जोर वेगळा."

उत्तर विजयाबाईंना आवडलं. तसं त्यांनी दाखवलं नाही. "आधी माझ्यावर दाखव. नात नंतर," म्हणाल्या आणि लाकडी तख्तावर आडव्या झाल्या.

अनसूयेनं पिशवीतून पितळी वाटी काढली आणि शेगडीवर धरली. खोलीभर मोहरीचा उग्र वास पसरला.

"सरसोंचं? आमच्यात तिळाचं लागतं."

"बाळाला तिळाचंच लावीन. तुमच्या गुडघ्यांना हे हवं."

"माझ्या गुडघ्यांचं तुला कुणी सांगितलं?"

"पाटानं," अनसूया म्हणाली. भिंतीशी एक शिसवी पाट उभा होता. त्यावर धूळ होती.

विजयाबाईंनी पाटावरून नजर वळवली. शालिनीच हळूच म्हणाली, "दसऱ्यापासून आईंना खाली बसता येत नाही. नाहीतर नातीला त्याच न्हाऊ घालणार होत्या. पाय पसरून पाटावर बसायचं आणि बाळाला पायांवर घ्यायचं, सगळं ठरलेलं होतं."

"तू पाळणा हलव," विजयाबाई म्हणाल्या.

अनसूयेनं पदर खोचला. ती पोटऱ्यांपासून वर आली. गुडघ्याच्या मागची शीर तिनं अंगठ्यानं शोधली आणि दाबून धरली. विजयाबाईंनी उशी दातात धरली. मग उशी सोडली. मग डोळे मिटले. कंबर झाली, पाठ झाली. शेगडीतले निखारे राखाडी होत आले, तेव्हा शालिनीला वाटलं, आई झोपल्या.

शेवटचा हात पाठीवरून खाली आला आणि बारा वर्षांची सवय आडवी आली. अनसूयेनं विजयाबाईंच्या पाठीवर दोन सणसणीत थापा मारल्या आणि आखाड्यातल्या आवाजात ओरडली, "उठो पहलवान! बीस बैठक!"

पाळणा थांबला. बाळसुद्धा दचकलं.

बाहेरच्या ओसरीवरून विजयाबाईंच्या यजमानांचा, रिसाल्यातून निवृत्त झालेल्या महिपतरावांचा, आवाज आला, "आत कोण पहिलवान आलाय गं?"

"तुम्ही पेपर वाचा!" विजयाबाई ओरडल्या.

अनसूयेचा चेहरा पांढरा पडला. "चुकले, बाईसाहेब. वडिलांना रोज असंच उठवते. तोंडातून गेलं." ती वाटी पिशवीत भरू लागली.

विजयाबाई सावकाश उठून बसल्या. पाय खाली सोडले. एक गुडघा वाकवून पाहिला, मग दुसरा.

"किती म्हणालीस?"

"वीस."

"दोन चालतील?"

शालिनीनं तोंडाला पदर लावला. अनसूयेनं पिशवी ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. ते धरून विजयाबाई एकदा अर्ध्यापर्यंत खाली गेल्या आणि कण्हत वर आल्या. दुसऱ्यांदा थोड्या आणखी खाली गेल्या. तिसऱ्या वेळी मध्येच थांबून म्हणाल्या, "पाट आण."

अनसूयेनं पाट घेतला. त्यावरची धूळ पुसताना तिचा हात क्षणभर थांबला. आजी खाली बसली, तर न्हाऊ घालणारीचं काय काम? गुडघे अजून कच्चे आहेत, आठ दिवस थांबा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. खोटंही ठरलं नसतं.

तिनं पाट नीट पुसला, मोरीपाशी उन्हात मांडला आणि विजयाबाईंना काखेत हात घालून अलगद त्यावर बसवलं.

विजयाबाईंनी पाय लांब पसरले. "शालिनी, आण तिला. आणि तिळाचं तेल."

नात आजीच्या पायांवर आली. आधी तिनं रडून पाहिलं. मग कोमट तेलाचा हात छातीवरून फिरला, तशी तिनं दोन्ही मुठी वर केल्या आणि जोरात आळस दिला. अनसूया पाणी घालत होती. अंग लहान आणि हात म्हातारा, पण तिला त्यात एकही चूक सापडेना. तिला बरंही वाटलं आणि वाईटही.

अंघोळ झाली. विजयाबाईंनी नातीला पंच्यात गुंडाळून खांद्याशी धरलं, दोन बोटांनी तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि तिच्या कानाशी म्हणाल्या, "उठो पहलवान."

मग त्यांनी बाळ सुनेकडे दिलं आणि स्वतः उठायला गेल्या. उठता येईना. त्यांनी दोन्ही हात अनसूयेकडे वर केले, अगदी नातीसारखे.

"बघतेस काय? उद्या जरा लवकर ये. या घरात आता दोन पहिलवान आहेत."