खालून उजेड

भयपटाचं पोस्टर रंगवायचं, तर भुताच्या चेहऱ्यावर उजेड खालूनच पडायला हवा. त्यासाठी बायको हनुवटीखाली बॅटरी धरून बसायची. ती गेल्यापासून मला एकही चेहरा जमला नव्हता. हे पोस्टर आज दिलं नाही, तर काम दुसऱ्या पेंटरकडे जाणार होतं.

“मी बसते,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तोंडाला पीठ फासलं, केस मोकळे सोडले आणि बॅटरी लावली.

“आई, सुळे दिसू देत,” मी म्हणालो.

“कवळी वाटीत भिजतेय, जावईबापू. हिरड्यांना कोणी घाबरेल का?”

मला हसू फुटलं, मग त्यांनाही. बॅटरी हलली, भूत भिंतभर नाचलं. हसता हसता दोघांच्याही डोळ्यांना धार लागली.

“रंगवा की लवकर,” त्या म्हणाल्या, “पिठाची कणीक व्हायला लागली.”