उकडलेला बटाटा

परत कुणीतरी चुगली केली होती. खिडक्या उघडा, असं मार्थाने मालकाला सांगायचं सोमवारी ठरलं, आणि मंगळवारी तिने तोंड उघडायच्या आधीच मालकाने तिला गिरणीच्या फाटकाबाहेर काढलं. मागच्या महिन्यात एलनचं हेच झालं होतं. केझाया नुसती वैतागून गेली होती.

विणकरणी मागून मागून मागत तरी काय होत्या? सूत तुटू नये म्हणून क्रॉशॉ मालक विणकाम खात्यात नळ्यांतून वाफ सोडत आणि खिडक्या खिळे ठोकून बंद ठेवत. बायका वाफेने चिंब होत आणि तशाच ओल्या कपड्यांनी लँकेशायरच्या थंडीत घरी जात. केझायाची धाकटी बहीण फीबी शेजारच्याच मागांवर होती. खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखत. आणखी एक हिवाळा या वाफेत काढला तर ती वाचणार नाही, हे केझायाला स्पष्ट दिसत होतं.

मागांच्या खडखडाटात कानाशी तोफ उडाली तरी कळू नये. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता, ओठ मोठमोठे हलवून बोलत, आणि खात्याच्या दुसऱ्या टोकाची बाई ते वाचे. मालकांना काही सांगायचं असलं की ते पाटीवर लिहून मुकादमापुढे धरत. साहेब माणूस, त्याला विणकरणींचं बोलणं काय कळणार?

ते रोज सकाळी फेरी मारत. सावकाश चालत आणि एकेकीच्या तोंडाकडे टक लावून बघत. मेल्याची नजर वाईट आहे, असं फीबीचं मत होतं. त्यांच्या पांढऱ्या गुळगुळीत चेहऱ्यावरून केझायाने त्यांचं नाव 'उकडलेला बटाटा' ठेवलं होतं. ते समोर आले की ती अदबीने मान लववी आणि ओठ हलवी, "या बटाटेराव, मीठ लावू की नुसतेच खाऊ?" सगळं खातं हसू दाबे. मालकही मान डोलवून पुढे जात.

रविवारी चॅपलमध्ये ते पहिल्या बाकावर आईशेजारी बसत. म्हातारी ठार बहिरी होती. डोंगरापलीकडून लग्न होऊन आलेली, माहेरचं कुणी कधी पाहिलेलं नाही. मुलगा तिच्याकडे तोंड करून बसे, पण मागच्या बाकांवर त्याचा एक शब्द कधी ऐकू आला नव्हता. बहिऱ्या माणसाशी कुणीही ओरडून बोलतं. ज्याने जन्मदात्या आईशी अबोला धरला तो आपलं काय ऐकणार, असं बायका म्हणत.

केझायाचा संशय लोइसवर होता. लोइस नवी, अबोल, कुणात न मिसळणारी. मुकादमाने तिला एकदा चांगलं सूत दिलं होतं. एवढा पुरावा पुरला. बायका तिच्याकडे पाठ करून बोलू लागल्या, तिचा माग अडला तर कुणी मदतीला जाईना. शेवटी ती काम सोडून निघाली. जाताना फाटकापाशी केझायाला म्हणाली, "मी कुणाचं काही सांगितलं नाही. मी गेल्यावर तरी तुझे डोळे उघडतील."

"चोराच्या उलट्या बोंबा," केझाया म्हणाली.

तरीही तिने सगळ्यांना ताकीद दिली. भिंतीला कान असतात, तेव्हा रस्त्यात नाही, चॅपलमध्ये नाही, घरीसुद्धा चकार शब्द काढायचा नाही. बोलायचं ते फक्त मागांपाशी, ओठांनी.

बेत सोपा होता. शुक्रवारी सरकारी निरीक्षक येणार होते. ते दारातून आत आले की केझायाने आपले माग थांबवायचे, मग सगळ्यांनी, आणि खातं शांत झालं की तिने मोठ्याने खिडक्यांचं सांगायचं.

"तुला काढलं तर खाशील काय?" फीबीने ओठांनी विचारलं.

"तू अशी खोकत राहिलीस तर मला घास गोड लागणार आहे का?"

बेत एका मागावरून दुसऱ्या मागावर गेला. मालकांच्या फेऱ्या रोजच्यासारख्याच झाल्या, आणि या खेपेला कुणालाच फाटक दाखवलं गेलं नाही. केझायाला हायसं वाटलं. म्हणजे लोइसच होती, दुसरं कोण?

शुक्रवार उजाडला. दार हललं की केझायाचा हात मागाच्या दांड्यावर जाई. एकदा मुकादम आला, एकदा तेलवाला. फीबी वाफेत वाकून खोकत होती आणि निरीक्षकांचा पत्ता नव्हता. केझायाच्या जिवाचा नुसता संताप झाला.

दुपारी दार उघडलं. मालक एकटेच आत आले. आज हातात पाटी नव्हती.

"आला बटाटा," केझायाने वैतागून बहिणीकडे ओठ हलवले. "याचा पाहुणा कुठे तडफडला?"

मालक तिच्या मागासमोर येऊन थांबले. मग आवाज न काढता, जुन्या विणकरणी बोलत तसा एकेक शब्द ओठांवर मोठा करून ते म्हणाले, "लोइस भली बाई होती, केझाया. आणि निरीक्षकांची वाट बघू नकोस, उकडलेल्या बटाट्याने त्यांना कालच जेवू घातलं."