मधल्या रिकाम्या जागा

टेपकाकांनी बटण दाबलं आणि टेपवरच्या धड्यातल्या बाई बाजारात गेल्या. "सफरचंदं कशी दिली?" बाईंनी परक्या भाषेत विचारलं. मागे माणसांचा गलका, त्यात कुणा बाईचं हसणं. काकांनी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरले.

ते हसणं त्यांच्या बायकोचं नव्हतं.

काकांची जुनी संस्था लोकांना घरबसल्या भाषा शिकवायची. आधी पोस्टानं धडे धाडून, मग रेडिओवरून, मग कॅसेटींवर. आता सगळं मोबाइलवर येणार होतं. म्हणून जुन्या मूळ टेपा कपाटातून बाहेर निघाल्या, आणि त्या चालवता येणारा एकच माणूस उरला म्हणून निवृत्त टेपकाकाही.

"काका, मधल्या रिकाम्या जागा तेवढ्या काढून टाका हं," ॲपवाल्या मुलीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बाई प्रश्न विचारतात आणि शिकणाऱ्यानं उत्तर द्यावं म्हणून थांबतात ना, त्या. ॲप आपलं आपण थांबतं. त्यात नुसती खरखर आहे."

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा हे बरं, असं काका सगळ्यांना सांगत. खरं कारण वेगळं होतं.

लेकीचा फोन आला होता. "बाबा, आईचा आवाज आहे का रे कुठे? ती माझं नाव घ्यायची ना, शेवटचं अक्षर ओढून... मला ते आठवेनासंच झालंय."

काकांनी आठवून पाहिलं. त्यांनाही आठवेना. मोबाइल समोर धरला की बायको तोंडावर हात धरायची. घरातल्या सगळ्या व्हिडिओंत बाकीचे बोलतात आणि ती मान हलवते. तेव्हा खरं तर रडू यायला हवं होतं. आलं नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तसे ते आतून सुन्न झाले होते, आणि त्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

"बघतो," एवढंच ते म्हणाले होते.

कारण एक गोष्ट आठवली होती. लेक पाळण्यात असताना बायको याच स्टुडिओत मदतनीस होती. बाईंना कागद दे, पाणी दे, असली कामं. काका तेव्हा खालच्या मजल्यावर, कॅसेटींच्या कॉपी काढायच्या खोलीत. तिथे टेप चौपट वेगानं पळायची, चिवचिवाटाशिवाय कानावर काही पडायचं नाही. "अहो, मीसुद्धा आहे हो त्या टेपांत," असं ती पुढे कितीदा तरी म्हणाली. काकांना वाटायचं, चेष्टा करतेय. कुठे आहेस, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

आता शोधत होते. बाजारात, स्टेशनवर, दवाखान्यात. जिथे जिथे बाईंच्या मागे चार माणसं बोलत, तिथे तिथे कान लावून.

दुसऱ्यांदा ऐकायची सोय नव्हती. टेपा इतक्या जीर्ण की एकदा टेप मशिनवरून गेली की वरचा मुलामा भुकटी होऊन झडायचा आणि हातात नुसती पट्टी उरायची. कॉम्प्युटरमध्ये गेलं तेवढंच वाचलं. काकांनी त्याला नीट शिकवून ठेवलं होतं: आवाज बारीक झाला की नोंद बंद, बाई बोलल्या की सुरू. आधी आधी त्या रिकाम्या जागांत कसलीशी खुसफुस राहायची. टेपच कुजलेली, दुसरं काय! काकांनी नोंद बंद व्हायची पातळी आणखी चढवली, आधीच्या फायलीही पुन्हा धुऊन काढल्या. खुसफुस गेली.

"काका, कसलं चकाचक काम करता तुम्ही!" ॲपवाली मुलगी म्हणाली. पुष्कळ दिवसांनी काकांना जरा बरं वाटलं.

शेवटची टेप संपली. बायको सापडली नव्हती. मशिनखाली पडलेली भुकटी काकांनी नेहमीसारखी फडक्यानं पुसून टाकली आणि लेकीला काय सांगायचं याचा विचार करत ते बसून राहिले.

दुपारी टेपांवरच्या बाई स्वतः आल्या. आता काठी टेकत. ॲपच्या सुरुवातीला त्यांच्याच तोंडून चार शब्द हवे होते. काकांनी माईक पुढे सरकवला. बाईंनी एक वाक्य वाचलं, थांबल्या, समोर पाहिलं.

"समोर खुर्ची नाही ठेवलीत?"

"कशाला, बाई?"

"काही नाही. जुनी सवय."

कागद वाचून झाला. ॲपवाली मुलगी चहा सांगायला बाहेर गेली, तेव्हा काकांनी धीर केला.

"बाई, आमची ही म्हणायची, मीही आहे त्या टेपांत. मी एकूण एक टेप ऐकली हो. गर्दीतला एकेक आवाज ऐकला. कुठेच नाही. चेष्टाच करायची ना माझी?"

बाई हसल्या. "गर्दीत कशाला असेल ती? गर्दीला बाहेरची माणसं बोलवायचो आम्ही."

"मग?"

"अहो, मी प्रश्न विचारून थांबायची ना, तेव्हा किती थांबायचं ते मला कळावं म्हणून ती समोर बसून हळूच उत्तरं द्यायची, आणि 'घरी कोण आहे?' विचारलं की धड्यातलं नाव सोडून दर खेपेला आपल्या पोरीचंच नाव घ्यायची, शेवटचं अक्षर असं ओढून ओढून."