ओहोटीला बसवलेलं रडार

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कृष्णकांत विठू तांडेलच्या बोटीवर चढला. पनवेल बंदरात पाणी भरलेलं होतं. धुकं विरलं होतं.

सहा वीसला, धुक्यातच, या बोटीने मैलभर पुढे खाडीत एका होडीला धडक दिली होती. होडीत साठीचा धर्मराज एकटा होता. होडीच्या फळ्या मिळाल्या. धर्मराज मिळाला नव्हता.

"मी पडद्यावरनं नजर काडली नाय," विठू म्हणाला. "लांबचा बार्ज दिसत व्हता. समोर कायच नाय."

जबाब घ्यायला आलेला हवालदार धक्क्यावर उभा होता. "इंजिनियर साहेब, मशीन जागं होतं की तांडेल, एवढंच सांगा."

कृष्णकांत केबिनच्या टपावर गेला. आठ दिवसांपूर्वी, शनिवारी सकाळी, हे रडार त्यानेच बसवलं होतं. त्याने रडारच्या बैठकीवर सपाटी तपासायची पाणसळ ठेवली. बुडबुडा मधे थांबला नाही. पुढे सरकून कडेला टेकला. रडारचं तोंड वर होतं. लांबचं त्याला दिसत होतं, समोरचं जवळचं पाणी त्याच्या नजरेखालून जात होतं.

शनिवारी ओहोटी होती. बोट चिखलात बसलेली, पुढचं टोक खाली रुतलेलं. बुडबुडा मधे येईपर्यंत त्याने बैठकीच्या पुढच्या बाजूखाली लाकडी पाचरी ठोकल्या होत्या आणि दहाचं ऑफिस गाठलं होतं. पाणी चढल्यावर बोट सरळ झाली, पाचरी तशाच राहिल्या.

खाली जाळ्याच्या ढिगाशी विठूची आई भीमाबाई बसली होती. "मी सांगितला व्हता, नवी वस्तू सुकतीला लावू नको. पानी चडू दे, नारल फोडू, मंग लाव. या सायबाला घाई."

"आये, गप ऱ्हा."

त्या शनिवारी कृष्णकांत तिला म्हणाला होता, "मावशी, रडारला भरती-ओहोटी कळत नाही." सगळे हसले होते. भीमाबाईसुद्धा.

त्याने दोन्ही पाचरी काढल्या, बोल्ट आवळले. बुडबुडा मधे आला. दहा मिनिटांचं काम होतं. खाली येऊन त्याने रडार चालू केलं.

विठू पडद्यावर वाकला. खाडीच्या पट्ट्यात बारीक ठिपके उमटले होते.

"ह्या आपल्याच होड्या," तो म्हणाला. "धर्मराजकाकाला शोधाया गेल्यात." त्याने मोजल्या. सात होत्या. "सकाली त्याची एक दिसली नाय मना."

कृष्णकांतने ठिपके पुन्हा मोजले.

"आयेचा खरा असल, सायब. सुकतीचा दोष लागला. तुमी काय करनार त्याला?"

"विठू..."

"काय लिहू साहेब?" हवालदाराने धक्क्यावरून विचारलं. "बिघाड आहे?"

कृष्णकांतने पडद्याकडे पाहिलं. "मशीन चालू आहे," तो म्हणाला.

हवालदाराने ते लिहून घेतलं आणि विठूला ठाण्यात चलायला सांगितलं. विठू चपला घालून फळीवरून उतरला. भीमाबाई त्याच्यामागून गेली.

साडेदहापर्यंत एकही होडी परत फिरली नव्हती. कृष्णकांत अजून पडद्यासमोर बसून होता.