खांद्यावरचा हात

"दाजी, तुमनी गाडीना आवाज कसा एकसारखा राहस, ते माले सांगा," पुना म्हणाला, आणि लताबाईचा जीव कानाशी गोळा झाला.

चोपड्याला तिच्या माहेरच्या अंगणात पुनाची नवी कोरी मोटरसायकल उभी होती. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकू. पहिले हजार किलोमीटर इंजिनाला जपायचं, एवढं दुकानदाराने सांगितलं होतं. जपायचं म्हणजे नेमकं काय, हे विचारायला पुनाला बहिणीच्या नवऱ्यासारखा दुसरा माणूस नव्हता. लताबाईचा नवरा रुपचंद मिस्तरी जळगावात कापसाच्या एका जिनिंगच्या इंजिनखोलीत होता. तो राहायचा त्या पिंप्राळ्यात त्याच्या जुन्या गाडीचं नाव होतं. ती चढावर कधी कण्हत नसे, सपाटीवर कधी बोंबलत नसे.

खरं काय ते नवराबायको दोघांनाच ठाऊक. इंजिनखोलीत बारा वर्षं काढून रुपचंदचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून त्याला बोलणं उमगायचं, पण गाडीला काही ओठ नसतात. एकदा दुसऱ्या गियरमध्येच थेट एरंडोलपर्यंत पळवली आणि पिस्टन जाम करून बसला. तेव्हापासून हे काम लताबाईचं. ती लहानपणी बापाच्या केळीच्या मळ्यात ऑइल इंजिनाचा नुसता आवाज ऐकून सांगायची, विहिरीचं पाणी तळाला गेलं म्हणून. आता ती मागे एका बाजूला बसायची आणि एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवायची. दोन बोटं दाबली की गियर वाढवा. मूठ आवळली की उतरवा. तळवा नुसता टेकलेला असला की इंजिन सुखात आहे, असंच चालू द्या. बघणाऱ्याला वाटे, बाई पडू नये म्हणून खांदा धरून बसलीय. कामावर रुपचंद सायकलनेच जाई. गल्लीतले चिडवत, मिस्तरी बायकोला घेतल्याशिवाय गाडीला किक मारत नाहीत. तो हसून घ्यायचा. कानांचं बिंग फुटलं असतं तर त्याला इंजिनखोलीतून काढून गठाणी मोजायला बसवलं असतं, आणि मग मिस्तरी कोण म्हणणार?

लताबाईने हे आपल्या बापालाही कळू दिलं नव्हतं. फक्त आज निघताना तिने नवऱ्यासमोर उभं राहून सावकाश शब्दांत एक मागणं मागितलं होतं. "तुमच्या कानांचं कुणाला सांगू नका. पण माझ्या माहेरी एकदा एवढं म्हणा, की हिला गाडी कळते." त्याने मान हलवली होती.

आता त्याने पुनाच्या नव्या टाकीवर थाप मारली. "मीटर बघून शिकाऊ चालवतात, पुना. गाडी कानाने चालवायची."

लताबाई थांबली. आता म्हणेल, मग म्हणेल. तो बोरिंग, पिस्टन, ऑइल असलं काहीबाही सांगत राहिला. शेवटी तीच बोलली. "पुना, चढावर आवाज जड झाला की लगेच खालचा गियर टाक. इंजिनाला रडू देऊ नको."

रुपचंदने तिचे ओठ वाचले आणि त्याचं तोंड आंबट झालं. "आता ही शिकवणार. बाईमाणसाने मागे बसावं, पदर सांभाळावा. इंजिन कळायला कान लागतात, कान."

अंगणातले सगळे हसले. खाटेवर बसलेले धनसिंग आबा, तिचे सख्खे वडीलही मिशीतल्या मिशीत हसले. एका वाक्यात तिला नवऱ्याचं सगळं पितळ उघडं पाडता आलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. ते तिने गिळलं आणि ताटं वाढायला आत गेली.

परत निघताना ती मागे बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी पिशवीच धरली.

केळीने भरलेल्या बैलगाडीमागे रुपचंदने वेग कमी केला. गाडी चौथ्यातच राहिली आणि धापा टाकू लागली. मग त्याने अंदाजाने दोनदा गियर उतरवला आणि पुढे तो वाढवायलाच विसरला. सपाट रस्त्यावर इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं. शेतातली माणसं वर बघत होती. त्याला फक्त हँडल थरथरताना कळत होतं, पण त्या खडीच्या रस्त्यावर ते नेहमीच थरथरे. त्याने खांदा उडवला. पुन्हा उडवला. "हात," तो ओरडला. लताबाई केळीच्या बागांकडे बघत राहिली. तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण ते गाडीचं वाटत होतं.

तापीच्या पुलाच्या अलीकडे इंजिन एकदम गप झालं. मागचं चाक फरफटलं, गाडी आडवीतिडवी होत कडेला थांबली. लागलं कुणालाच नाही. टाकीखालून जळक्या ऑइलचा वास येत होता. रुपचंदने किक मारून पाहिली. किक जागची हलेना.

थोड्या वेळाने पुना आला, नवी गाडी चाळीसच्या आत जपून चालवत. आबांनी दिलेला केळीचा घड अंगणातच राहिला होता, तो द्यायला निघाला होता. त्याने जुन्या गाडीकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे.

"काय व्हयनं, दाजी?"

ऑइल कमी पडलं म्हणता आलं असतं. पिस्टन जुना होता म्हणता आलं असतं. रुपचंद घामाने निथळत होता, आणि कमीपणा अंगाला चिकटू द्यायची त्याला सवय नव्हती. त्याने बायकोकडे बोट केलं.

"हिला विचार. हिने खांद्यावरचा हात काढला, म्हणून गाडी गेली."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. तिच्या माहेरच्या माणसासमोर तो पहिल्यांदाच खरं बोलला होता.