आढळले नाही

"सगळे हजर," संगणकाच्या पडद्यावर तिसऱ्यांदा उमटलं.

"डोंबलाचे हजर!" लेकीने कपाळावर हात मारला.

शेजारच्या खुर्चीत बाबा ताठ बसले होते. मांडीवर पांढरी पाटी, बोटांत काळा पेन. गळ्याच्या ऑपरेशनपासून त्यांचं सगळं बोलणं त्या पाटीवर. आवाज गेला तो गेलाच. पण लेकीने जुन्या फोनमधले त्यांचे व्हॉइस मेसेज गोळा केले, त्यातले निम्मे तिला रागावल्याचेच होते, आणि त्यांतून एक प्रोग्रॅम बनवला. बाबांनी टाइप करायचं, संगणकाने बाबांच्या आवाजात बोलायचं. तिच्या घरी तो छान चालत होता. इथे, बाबांच्या संगणकावर, ढिम्म.

बाबांनी पाटीवर लिहिलं, "आज नाही झालं तर राहू दे. पुन्हा हा विषय नको." एकदा असं म्हटलं की बाबा मागे फिरायचे नाहीत, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं.

आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिचे हाल वेगळेच. नवऱ्याशी भांडायचं तर पाटी वाचायला लागायची. त्यात काय मजा? हरायची वेळ आली की ती सरळ चष्मा काढून ठेवायची. पण असं फुकटचं जिंकून जिंकून तिला वीट आला होता. परवाच लेकीला फोनवर म्हणाली होती, "घर नुसतं खायला उठतं गं."

"बाबा, कसं आहे," लेक म्हणाली, "हा प्रोग्रॅम एकट्याने चालत नाही. त्याला दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार प्रोग्रॅम, म्हणजे लायब्रऱ्या, लागतात. एक जरी कमी असली तरी हा अडून बसतो. म्हणून तपासणीसाठी ही छोटी स्क्रिप्ट. हिचं नाव हजेरी. ही एकेकीचं नाव पुकारते आणि संगणक 'नॉट फाउंड' म्हणाला की तिला बरोबर पकडते. कुणीच पकडलं गेलं नाही, म्हणजे सगळे हजर."

"मग बोलत का नाही?" बाबांनी लिहिलं.

"तेच तर कळत नाहीये ना!"

ती वैतागली. जाऊ दे ती हजेरी, आपणच विचारू, म्हणून तिने स्क्रिप्टमधली आज्ञा स्वतः टाइप केली. पडद्यावर नावं भराभर उतरली. सगळी इंग्रजी, वाकडीतिकडी. आणि मध्येच एका नावापुढे, शुद्ध मराठीत: आढळले नाही.

लेक बघतच राहिली. मग जी हसत सुटली, ती थांबेचना.

"बाबा! अहो, हा तुमचाच पराक्रम!"

होताच. बाबा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले. निवृत्त झाल्यावर त्यांनी चार मित्र जमवून संगणकाचे संदेश मराठीत आणले होते. 'सापडले नाही' म्हणायचं की 'आढळले नाही', यावरून त्यातल्या एकाशी अबोलाही धरला होता. आता संगणक बिचारा इमानेइतबारे सांगत होता, की बाबा रे, लायब्ररी आढळली नाही. आणि हजेरी मात्र इंग्रजी उत्तराची वाट बघत उभी. ते येईना, म्हणून तिच्या लेखी सगळं आलबेल.

बाबांनी ऐटीत लिहिलं, "संदेश बरोबर आहे. चूक तुझी."

"मान्य. त्याला थोडा वेळ इंग्रजीत बोलायला सांगू का?"

बाबांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"बरं बरं, राहिलं!" तिने हजेरी उघडली, 'नॉट फाउंड' काढून टाकलं आणि घाईघाईत टाइप केलं: आढळल नाही.

बाबांनी तिचा हात कीबोर्डवरून बाजूला केला आणि 'ल'वर मात्रा दिली. कित्येक महिन्यांत तिने त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

हजेरी पुन्हा धावली. आता मात्र चोर सापडला. गैरहजर एकच, आणि तीही कोण, तर स्पीकरपर्यंत आवाज पोचवणारी लायब्ररी!

"घ्या! बोलणार कसा तो?" लेकीने ती लायब्ररी इंटरनेटवरून उतरवून घेतली, जागेवर बसवली आणि प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर लिहायची चौकट उघडली. "हं, बाबा. बोला आता. काय वाट्टेल ते बोला."

बाबांनी तळहात पायजम्याला पुसले. काहीतरी लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, तेही खोडलं. मग दोन-तीन शब्द चटकन टाइप करून त्यांनी बटण दाबलं.

"अगं, ऐकलंस का?"

बाबांचा आवाज. जरासा खरखरीत, शेवटी वर चढणारा, अगदी तोच.

आतून, नळाच्या धारेवर आवाज चढवून, सवयीने उत्तर आलं, "आले हो, आले! जरा दम धरा की, हात भरलेत माझे!"

मग नळ बंद झाला. एक पातेलं खाली पडलं आणि बराच वेळ घरंगळत राहिलं. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. लेकीने तोंडावर हात धरला.

दारात कुणीच आलं नाही.

"आई?" लेकीने हाक मारली.

"तू गप्प बस गं." आईला बोलता बोलता हसू फुटत होतं. "मी नाही येत. त्यांना म्हणावं, अजून एकदा हाक मारा. मग येते."